सोमवारचं बिल आणि रविवारचा शास्त्रपाठ

खातेवही (इंदूर)
जय ख्रिस्त. इतर धर्मांचे जे सभासद वाचत असतील त्यांना नमस्कार.

गेले चार महिने मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घेतलेलं नाही. मंडळीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण ट्रे फिरायला लागला की मी मागे माइकच्या पेटीपाशी जाऊन उभा राहतो. आईला कळलं असावं. ती विचारत नाही.

कारण सांगतो. मी अकरा वर्षं एका कापड व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. दर गुरुवारी धुळे-जळगावकडे पार्सलं निघतात. पन्नास हजारांच्या वर माल असला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची सरकारी ऑनलाइन नोंद, लागतं, म्हणून एकाच गिऱ्हाइकाचा एक लाख तीस हजारांचा माल तीन नावांवर तोडायचा: ४६ हजार, ४४ हजार, ४० हजार. नावं मीच शोधतो. काही माल तर बिलाशिवाय, नुसत्या गुलाबी पर्चीवर जातो. महिनाअखेरीला त्या पर्च्या फाडायच्या, तेही काम माझंच. बारीक फाडाव्या लागतात, नाहीतर आकडा वाचता येतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळीत शास्त्रपाठ मी वाचतो. चार महिन्यांपूर्वी बायबलातला लेवीय १९ आला. खरा तराजू, खरी वजनं, खरं माप. वाचता वाचता माझा आवाजच बसला. बाहेर आल्यावर एका काकूंनी हळद-दूध घ्यायला सांगितलं.

घरात आई आहे, बायको ब्लाउज शिवते, मुलगी नववीत आहे. 'नोकरी सोड' आणि 'सगळेच करतात' ही दोन्ही उत्तरं मी स्वतःला शंभरदा देऊन झालो आहे. या दोन्हींच्या मधे काही असतं का? तुम्ही लोक रविवार आणि सोमवार एकत्र कसे जगता?

---

पोहे_शेव_लिंबू
दादा, सोडा नोकरी. ज्याने चोच दिली तो चाराही देईल. तुमच्या मनाला टोचतंय म्हणजे पवित्र आत्मा बोलतोय. त्याला थांबवू नका.

---

मिलनाक्याचा
वरच्या भावाला राग येऊ नये, पण माझ्या मेव्हण्याने असंच केलं होतं. ट्रान्सपोर्टमध्ये होता, खोट्या पावत्या करायला लावायचे. एका रात्रीत सोडली नोकरी. आम्ही सगळ्यांनी पाठ थोपटली. मंडळीत त्याने उभं राहून दोनदा आपला अनुभव सांगितला, म्हणजे साक्ष झाली. आठ महिने घरी होता. किराणावाल्याने उधारी बंद केली तेव्हा बहिणीने मंगळसूत्रातले मणी विकले. साक्ष ऐकून डोळे पुसणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या पिठाच्या डब्यात डोकावून पाहिलं नाही. त्यात मीही होतो, हे लिहायला मला आजही जड जातं.

म्हणून माझी एक विनंती आहे. जो कुणी इथे 'सोडा' लिहील, त्याने खाली हेही लिहावं की मी दर महिन्याला काय देईन.

---

पोहे_शेव_लिंबू
मिलनाक्याचा, बरोबर बोललात. मी घाईने लिहिलं. खातेवहीदादा, निरोप पाठवतोय, बघा.

---

सीए_सुदामानगर
मी ख्रिस्ती नाही, या मंडळावर पाककृतींसाठी येते. पण विषय माझ्या धंद्यातला आहे म्हणून लिहिते.

'मी फक्त नोकर आहे' हे जीएसटी कायद्यात पूर्ण चालत नाही. कलम १२२ मध्ये बिलाशिवाय माल देणाऱ्या व्यापाऱ्याला दहा हजार किंवा बुडवलेल्या कराइतका, जे जास्त असेल तेवढा दंड आहे. त्याच कलमात अशा कामात मदत करणाऱ्या माणसालाही पंचवीस हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माल तोडून दिलेली नावं तुमच्या अक्षरात आहेत, शेठच्या नाही. भीती घालायला सांगत नाहीये. पण शेठशी बोलायची वेळ आली तर हा मुद्दा हाताशी ठेवा. मालक देवाच्या भीतीने हलत नसेल, तर 'चौकशीत सापडलो तर तुम्हीही सापडाल' हे त्याला कळतं.

---

गल्ल्यावरचा_माणूस
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे छोटा का होईना, शेठ. जुन्या इंदुरात छपाईचं दुकान आहे, आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा मीही अर्धा धंदा पर्चीवर करत होतो. रात्री प्रार्थनेला बसलो की समोर पर्च्याच दिसायच्या.

दोन वर्षांनी सगळं पक्कं केलं. काय झालं ते खरं सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत पाच मोठी गिऱ्हाइकं गेली. मोठ्या मुलाचा क्लास बंद केला. बायको पंधरा दिवस कामापुरतंच बोलत होती. मग पाचांतली दोन परत आली, कारण त्यांना पुढे कराची वजावट घ्यायची तर पक्कं बिल हवंच असतं. बिनबिलाचा माल मागणारा बहुतेक वेळा स्वतःची विक्री लपवत असतो. उरलेली तीन आजपर्यंत आली नाहीत. 'प्रामाणिक राहिलो आणि देवाने दुप्पट दिलं' अशी साक्ष माझ्याकडे नाही. कमी मिळतं. झोप लागते.

पण मी मालक होतो, माझ्या हातात होतं. तुमच्या हातात नाही. हा फरक मोठा आहे, तो कुणी पुसू नये.

---

इंद्रायणीकाठ
आम्ही वारकरी. वडील पन्नास वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले.

प्रश्न वाचून तुकोबा आठवले. कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यातला एक तुकडा मात्र लोक विसरतात. बुडवायच्या आधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी कान्होबाला, धाकट्या भावाला दिली. बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाच्या पोटाचा निर्णय त्यांनी आपल्या वैराग्याने घेतला नाही.

खातेवहीदादा, तुमच्या पगारात आईचा वाटा आहे, वहिनींचा आहे, मुलीचा आहे. पाण्यात टाकण्याआधी वाटे करा. त्यांना विचारा तरी.

---

लक्ष्मीबाईंची_लेक
इंद्रायणीकाठ, किती नेमकं लिहिलंत! आमच्याकडे याची उलटी गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना आधी न सांगता. त्या माउलीने काय काय सोसलं ते मराठी वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या वाटेने येऊन. टिळकांची भजनं आम्ही आजही गातो, मी टाळ घेऊन गाते. तरी त्या पाच वर्षांचा हिशेब कुणी मागितला तर मी बाईंच्या बाजूने बसेन.

विश्वास एकाचा असतो, पण त्याचं बिल अख्ख्या घराच्या नावावर फाटतं. वहिनींना माहीत आहे का, दादा?

---

खातेवही
नाही. तिला एवढंच माहीत आहे की काम दगदगीचं आहे.

---

उदयनगरची_वाट
मी कॅथलिक. हे वाचताना मला सिस्टर राणी मारिया आठवल्या, आणि इंदूरच्या माणसाने त्यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही असं मला मनापासून वाटतं.

केरळची बाई. आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला येऊन राहिली. तिथला आदिवासी शेतकरी सावकाराच्या वहीत पिढ्यानपिढ्या अडकलेला. त्यांना बचत शिकवली, सरकारी योजना आणि बँकेचं कर्ज कसं मागायचं ते शिकवलं. म्हणजे बघा, त्यांचंही काम हिशेबाच्या वहीशीच होतं. ज्यांच्या वह्या रिकाम्या व्हायला लागल्या त्यांनी माणूस घातला. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर वार झाले. वय एक्केचाळीस.

मारणारा समंदर सिंग जन्मठेपेत गेला. २००२ च्या राखीपौर्णिमेला सिस्टरांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधून आली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच खटपट केली, २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात सिस्टरांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं, त्या दिवशी मी मांडवात होते. उन्हाने डोकं तापलं होतं आणि माझ्या शेजारी उदयनगरकडची एक म्हातारी बसली होती. तिला ना लॅटिन कळत होतं, ना इंग्रजी. ती सारखं एकच म्हणत होती, 'दीदी ने मेरा खाता खुलवाया था.' बाकी काही नाही. पासबुक पिशवीत घेऊन आली होती.

---

मिलनाक्याचा
ताई, अंगावर काटा आला. तरी एक बोलतो. राणी मारिया फार मोठ्या. पण मोठ्यांची गोष्ट सांगून लहान माणसाला आणखी लहान करायची आपल्याला सवय आहे. खातेवहीभाऊ हुतात्मा व्हायचं की नाही विचारत नाहीयेत, गुरुवारच्या पार्सलाचं विचारताहेत.

---

उदयनगरची_वाट
मान्य. पण मी हुतात्म्याची गोष्ट सांगितली नाही, भाऊ. मी पासबुकाची सांगितली. त्या बाईने एकेक खातं उघडून दिलं. रोज. वीस मिनिटांचं काम असतं ते.

---

जाऊबाई_धाकट्या
विषय सोडून लिहितेय, माफ करा. राखीचं वाचून रडायला आलं. घराच्या वाटणीवरून माझ्या मोठ्या दिरांनी माझ्या नवऱ्याला कोर्टात नाही नाही ते म्हटलं. नवरा त्या वर्षी गेला. मी दर रविवारी 'जशी आम्ही आपल्या ऋण्यांस ऋणे सोडली आहेत' म्हणते आणि त्या ओळीला माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. सहा वर्षं झाली. एका बहिणीने खुन्याला राखी बांधली आणि मला साधा फोन उचलता येत नाही.

---

उदयनगरची_वाट
वहिनी, १९९५ ते २००२ मधे सात वर्षं आहेत. सिस्टर सेल्मी दुसऱ्या दिवशी तुरुंगात गेल्या नव्हत्या. तुमची सहाच झालीत.

---

लक्ष्मीबाईंची_लेक
जाऊबाई, त्या ओळीला तुम्ही ओठ हलवता ना. ते पुरे आहे आत्ता. गाळत तर नाही.

---

रविवारची_घंटा
मी निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. चाळीस वर्षांत या प्रश्नाचं रूप बदलत गेलं, प्रश्न तोच राहिला. आधी गिरणीतले लोक विचारायचे, मग सरकारी कचेरीतले, आता हिशेबवाले.

बायबलातल्या दोन जागा वाचा. पहिली २ राजे ५. अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा होतो, खऱ्या देवाला मानतो आणि लगेच अडचण सांगतो. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात नमन करायला जातो, माझ्या हातावर टेकतो, मग मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा व्हावी. म्हणजे नोकरीतला पेच. संदेष्टा अलीशा त्याला भाषण देत नाही, 'राजीनामा दे' म्हणत नाही, 'चालेल' असंही म्हणत नाही. 'शांतीने जा' एवढंच म्हणतो. मी तरुणपणी या वचनावर उपदेश करायला घाबरायचो. वाटायचं, लोक सूट घेतील. आता वाटतं, अलीशाला माहीत होतं की हा माणूस वाकताना प्रत्येक वेळी अस्वस्थ होणार आहे, आणि तो अस्वस्थपणा देव वाया जाऊ देणार नाही.

दुसरी जागा दानीएल, पहिला अध्याय. राजाचं अन्न खाऊन विटाळायचं नाही असं तो मनात ठरवतो. पण ताट उधळत नाही. कारभाऱ्याकडे जाऊन विनंती करतो: दहा दिवस आम्हाला शाकभाजी देऊन बघा. त्या कारभाऱ्याचं डोकं धोक्यात येऊ नये याचीही तो काळजी घेतो.

खातेवही, तुम्ही अजून विनंतीच केलेली नाही. अकरा वर्षांत शेठला एकदाही सांगितलंत का की मला हे जड जातं?

---

मिलनाक्याचा
पाळकसाहेब, नामानाचं मला पटत नाही. तो वाकला त्यात कुणाचा खिसा कापला गेला नाही. इथे कर बुडतो. तो सरकारी दवाखान्याच्या औषधाचा पैसा आहे, आणि मंडळीतली अर्धी माणसं त्याच दवाखान्यात जातात.

---

रविवारची_घंटा
बरोबर पकडलंत. म्हणूनच मी दोन जागा दिल्या. नामानावर मुक्काम करायचा नसतो. तिथे श्वास घ्यायचा आणि दानीएलाकडे निघायचं.

---

गल्ल्यावरचा_माणूस
खातेवही, शेठकडे जाल तेव्हा संध्याकाळी जा, गल्ला मोजून झाल्यावर. सकाळी बोहनीच्या वेळी कुठलाही दुकानदार धड ऐकत नाही, मीसुद्धा नाही. आणि सगळा धंदा बदला असं म्हणू नका. एक गिऱ्हाईक मागा.

---

पोहे_शेव_लिंबू
पाळकसाहेब, एवढ्या वर्षांत हे दोन अध्याय एकत्र वाचलेले ऐकले नव्हते. नाताळच्या करंज्या तुमच्या घरी पोचत्या करतो, पत्ता निरोपात द्या.

---

सीए_सुदामानगर
करंज्यांचं सारण ओलं की सुकं? (मी त्यासाठीच इथे येते, आधीच सांगितलंय.)

---

पोहे_शेव_लिंबू
सुकं. खसखस भाजून. आजीची पद्धत, आजी नगरची.

---

खातेवही
सात आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, रोज वाचत मात्र होतो.

आधी बायकोला सांगितलं. रात्री ती काजं करत होती. ऐकून घेतलं, सुई थांबवली नाही. मग म्हणाली, 'मला वाटलं होतं तुम्हाला काही आजार आहे आणि लपवताय.' आणि मग रडली. तिने स्वतःच हिशेब मांडला: पगार थांबला तर किती महिने निघतील. साडेतीन. वाटे कसे करायचे ते तिनेच ठरवलं. शिकवणी थांबणार नाही, तिचं नवीन मशीन थांबेल. इंद्रायणीकाठ, तुमचे उपकार.

मग एका बुधवारी, गल्ला मोजून झाल्यावर, शेठजींशी बोललो. म्हटलं, एक महिना धुळ्याचं एक गिऱ्हाईक मला पक्क्या बिलावर करू द्या. सीए ताईंनी सांगितलेलं कलमही सांगितलं, पण ते शेवटी. आधी खरं कारण सांगितलं की मला चर्चमध्ये उभं राहता येत नाही. ते बराच वेळ किल्ल्यांशी खेळत राहिले. मग म्हणाले, 'तुझे वडील असते तर ते दुसऱ्या दिवशीच आले असते. तुला अकरा वर्षं लागली.' रागाने नाही म्हणाले. वडील गिरणी बंद पडल्यावर त्यांच्याकडे दोन वर्षं गाठोडी बांधायला होते.

एक महिना मिळाला. बाकीची बिलं आणि पर्च्या आता शेठजींचा भाचा करतो. म्हणजे माझ्या टेबलावरून पाप उचललं आणि शेजारच्या टेबलावर ठेवलं. तो बावीस वर्षांचा आहे. पहिल्याच गुरुवारी मला म्हणाला, 'काका, नावं कुठून काढायची?' मी म्हटलं, मला विचारू नकोस. त्याने मान खाली घातली. तेव्हापासून मला त्याचीच जास्त काळजी आहे. रोज अर्धा तास त्याला खरी वही शिकवतो, ताळेबंद, बँकेशी मेळ. पर्ची फाडायला मात्र तोच बसतो, माझ्यासमोर, आणि त्याला अजून बारीक फाडता येत नाही.

या रविवारी मी माइककडे गेलो नाही. आईशेजारी बसलो. ट्रे आला तेव्हा आईने तो लगेच पुढे न देता माझ्यासमोर धरून ठेवला. तिचा हात कापत होता, पेले एकमेकांना लागून वाजत होते. मी एक उचलला.

---

मिलनाक्याचा
भाऊ... पुढच्या वेळी तुमच्या घरी पीठ कमी पडलं तर ते मला कळलं पाहिजे. लिहून ठेवा.

---

जाऊबाई_धाकट्या
मी अजून फोन केलेला नाही. पण नंबर परत साठवला मोबाइलमध्ये. पुसून टाकला होता.

---

गल्ल्यावरचा_माणूस
खातेवही, धुळ्याच्या त्या गिऱ्हाइकाचं काय? पक्कं बिल घेतलं का त्याने?

---

खातेवही
तीन गुरुवार एकाच बिलावर गेलं, ई-वे बिलासकट. मागच्या गुरुवारी त्याचा फोन आला, 'परत तीन करा, नाहीतर दुसरीकडून उचलतो.' शेठजींनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, महिना पुरा होऊ द्या, अजून एक गुरुवार आहे. तो 'बघतो' म्हणाला.

उद्या गुरुवार आहे.